इथून पुढं नुसती फरशी

"पुढची कंची?" रसूल मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं.

"काळी," मी म्हणाले.

"पांढरी," शिरगावे म्हणाला.

मिस्त्री उकिडवे बसले होते. हातात थापी, एका बाजूला काळ्या फरश्यांची चळत, दुसऱ्या बाजूला पांढऱ्यांची. सकाळपासून आम्ही दोघं आपापल्या कागदावरून पाढे म्हटल्यासारखं एका सुरात काळी-पांढरी म्हणत होतो आणि ते मुकाट्यानं बसवत होते. आता त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग शिरगावेकडं, आणि थापी बादलीत ठेवून दिली.

"करडी बी हाय माझ्याकडं," ते म्हणाले. "बसवू का मधली?"

त्या एका फरशीवर माझी नोकरी अडकली होती, म्हणून मला हसू आलं नाही. आता येतं.

झालं होतं असं. आमच्या कॉलेजची नवी इमारत बांधून होत आली होती. कॉलेजचं नाव मी सांगत नाही, सांगली-मिरजेकडच्या लोकांना ते कळेलच. बाकीच्या विभागांनी आपापल्या व्हरांड्यात साधी शहाबादी घालून घेतली, रसायनवाल्यांनी हौसेनं गुलाबी निवडली. आमचे पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख हेर्लेकर सर मात्र कॉन्ट्रॅक्टरला म्हणाले, आमच्या फरशीत पदार्थविज्ञान दिसलं पाहिजे. ज्यावर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती तो त्यांचा लाडका नियम त्यांना जमिनीत कायमचा रोवून ठेवायचा होता. निवृत्तीला दोन वर्षं उरली की माणसाला असं काहीतरी सुचतंच.

नियम अगदी सोपा होता. शून्य आणि एक यांच्या मधला कुठलाही आकडा घ्यायचा. एकातून तो वजा करायचा. आलेल्या वजाबाकीला मूळच्या आकड्यानं गुणायचं, आणि वर चारनं गुणायचं. जो नवा आकडा येईल त्याला परत तेच, आणि असं करत राहायचं. आकडा अर्ध्याच्या आत आला तर पांढरी फरशी, अर्ध्याच्या वर गेला तर काळी. आम्ही शून्य पूर्णांक तीनपासून सुरुवात केली होती, त्यामुळं आधी एक पांढरी, मग तीन काळ्या, मग तीन पांढऱ्या, मग काळी, पांढरी, काळी असं ते चाललेलं. नियम शाळेतल्या मुलाला जमावा इतका सोपा आणि रांग मात्र इतकी लहरी, की पुढं काय येणार ते गणित केल्याशिवाय देवालाही सांगता येऊ नये. सरांना त्याचंच कौतुक होतं.

व्हरांड्याच्या दुसऱ्या कडेला पितळी पट्ट्या बसवायच्या होत्या. त्याच नियमात चारऐवजी तीनच्या जरा वरचा आकडा घेतला की सगळं कसं शिस्तीत चालतं, उत्तरं दोनच येतात, आलटून पालटून. तो आकडा हळूहळू वाढवत नेला की दोनाची चार होतात, मग आठ, मग सोळा. हे दुप्पट होणं जिथं जिथं घडतं तिथं एकेक पट्टी. गंमत अशी, की लागोपाठच्या पट्ट्यांमधलं अंतर दर वेळी पावणेपाच पटीनं, खरं तर त्याहून किंचित कमी पटीनं, लहान होत जातं. त्यामुळं पहिल्या दोन पट्ट्या एका भिंतीपासून पार दुसऱ्या खोलीच्या दारापर्यंत लांब, आणि शेवटच्या अशा एकमेकींना खेटून, की रसूल मिस्त्री सरांना म्हणाले, "सायेब, हितं पट्टी बसवू का सुरी?"

विभागात अधिव्याख्यात्याची एक जागा भरायची होती आणि तिच्यावर दावा सांगणारे आम्ही दोघं, मी अनुपमा मगदूम आणि हणमंत शिरगावे. दोघंही सरांचेच विद्यार्थी. सरांनी ठरवलं, की फरशीचं गणित दोघांनी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळं करायचं, एकमेकांचं बघायचं नाही. जुळलं तर उत्तमच. नाही जुळलं तर ज्याचं चुकलं त्यानं जागेचं नाव काढायचं नाही. "चुकला तो गेला," असं त्यांनी बोट वर करून सांगितलं होतं. जागा एक आणि उमेदवार दोन, तेव्हा ते कुठंतरी न जुळण्यातच सरांची सोय होती.

शिरगावे कवठेमहांकाळकडचा. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, नाकासमोर चालणारा. कुणी चहा पाजला तर दुसऱ्या दिवशी आठवणीनं परत पाजणार. गणितात कंस दिसला की तो सोडवून टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मी कंस तसाच ठेवायची, मला तो मोकळा केलेला पसारा आवडत नसे. माझी शिष्यवृत्ती त्या महिन्यात संपली होती. जयसिंगपुरात आमच्या आप्पांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांनी शिरोळच्या हायस्कूलच्या सेक्रेटरीशी माझ्याबद्दल बोलूनही ठेवलं होतं. तिथं विज्ञान शिकवायचं आणि जोडीला मुलींचा शिवणकामाचा तास घ्यायचा. शाळा वाईट नव्हती, पण तिथं गेले की माझं पदार्थविज्ञान संपलं, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. ही जागा मला हवी होती. दुसरं काही नको होतं.

तर, मिस्त्रींनी थापी ठेवली आणि सर आले.

"कोण चुकलं?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनीही समोरच्याकडं बोट केलं.

काम थांबलं. उद्घाटन आठवड्यावर आलेलं. चेअरमनसाहेब येणार, पुण्याहून सरांच्या विषयातले नावाजलेले डॉ. मंगरूळकर येणार, आणि आमचा व्हरांडा अर्ध्यात लटकलेला. मी माझा हिशेब परत केला. माझं बरोबर आलं. शिरगावेनंही परत केला, त्याचं बरोबर आलं. लगेच सगळ्या विभागाचे दोन तट पडले. प्रयोगशाळेतले सहायक शिरगावेच्या बाजूचे, ग्रंथालयातल्या बाई माझ्या. रसायनाच्या लोकांना ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांनी चहावर पैजा लावल्या. शिरगावे मला समोरून आला की वाट सोडून उभा राहायचा, इतका सभ्यपणे, की मला त्याचा जास्तच राग यायचा.

चार दिवस असे काढले. मग मला वाटलं, आपलंच किती वेळा तपासायचं, सरळ त्याचंच गणित कॉम्प्युटरवर चालवून त्याची चूक रंगेहाथ पकडावी. कॉलेजात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता. त्याची वेगळी खोली, खोलीला थंड हवेचं यंत्र, दाराबाहेर चपला काढून आत जायचं. पडद्याच्या कोपऱ्यावर शिपायानं दसऱ्याला लावलेलं कुंकू अजून तसंच होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिथं कुणी नसतं म्हणून मी गेले, तर दारात शिरगावेच्या चपला. आत तो माझं सूत्र टाइप करत बसला होता. तोसुद्धा माझी चूक पकडायलाच आला होता.

"माझा प्रोग्रॅम कुठून मिळाला?" मी विचारलं.

"वर्गाच्या फळ्यावर तुम्हीच लिहून ठेवला होता," तो म्हणाला. "तुमचं काय काम आहे इथं?"

मी पर्समधून व्हरांड्यात राहिलेला त्याच्या सूत्राचा कागद काढला.  मग मी दुसरी खुर्ची ओढली, आणि आम्ही दोन्ही सूत्रं एकाच मशीनवर शेजारी शेजारी चालवली. सूत्रं दोन नव्हतीच, एकच होतं. माझ्यात कंस होता, त्याच्यात कंस सोडवलेला होता. सातवीतलं पोरही सांगेल की दोन्हीचं उत्तर एकच.

मशीन दोन रकान्यांत आकडे छापत गेलं. पहिल्या ओळी तंतोतंत सारख्या. मग शेवटच्या घरात एकाचा फरक. पुढच्या ओळीत दोनाचा. मग चाराच्या आसपास. मशीन आकड्याची शेपटी कुठंतरी कापणारच, आणि कंस ठेवला तर ती एका जागी कापली जाते, सोडवला तर दुसऱ्या. तेवढा कणभर फरक आमचा नियम पायरीगणिक दुप्पट करत होता. आम्ही दोघं पडद्याला नाक लावून बघत होतो. फरक शेपटीकडून डोक्याकडं सरकत आला, आणि एका ओळीत माझा आकडा अर्ध्याच्या वर गेला आणि त्याचा खाली राहिला. तीच फरशी. काळी की पांढरी.

शिरगावे खुर्चीत मागं टेकला. "मॅडम," तो म्हणाला, "तुमचं चुकलेलं नाही."

हे त्याच्या तोंडून ऐकायला मी चार दिवस झुरत होते. आता ऐकलं तर काही मजाच आली नाही, कारण मलाही तेच म्हणावं लागणार होतं. मी ते म्हणाले. मग आम्ही पितळी पट्ट्यांचं गणितही दोन्ही तऱ्हेनं करून बघितलं, हे तरी कुठं टिकतंय बघू म्हणून. ते मात्र जसंच्या तसं आलं, तेच पावणेपाचाच्या जरा खालचं प्रमाण, कंस ठेवा नाहीतर सोडवा. एका फरशीबद्दल आमचं एकमत होईना, पण अंतरं कशी आकसत जातात याबद्दल वाद घालायला जागाच नव्हती. आम्ही दोन्ही रकान्यांचे छापील कागद घेतले आणि चपला घालून सरांना सांगायला धावत सुटलो.

व्हरांड्यात बघतो तर रसूल मिस्त्री मजेत फरश्या बसवतायत आणि सर खुर्ची टाकून पुढच्या फरश्या वाचून दाखवतायत. हातात त्यांच्या मेहुण्यानं मस्कतहून आणलेला कॅल्क्युलेटर. तुम्हा दोघांचं संपेना म्हणून मीच करून टाकलं, असं त्यांनी आनंदानं सांगितलं. त्यांची रांग वादाच्या फरशीनंतर ना माझ्याशी जुळत होती, ना शिरगावेशी.

आम्ही सगळं समजावून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं दोघांचंही चुकलंय," ते म्हणाले.

शिरगावे म्हणाला, "सर, तसं नाही. वादाच्या फरशीच्या पुढं कुणाचंच खरं नाही. तुमचंसुद्धा."

"माझा कॅल्क्युलेटर जपानी आहे," सर म्हणाले आणि मिस्त्रींना म्हणाले, "काळी." संध्याकाळी आम्ही आमचे छापील कागद त्यांच्या खोलीत टेबलावर ठेवून परतलो. सरांनी त्यांच्यावर पेपरवेट ठेवला, एवढंच आम्ही बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकटीला बोलावलं. टेबलावर भिंतीवर टांगायची पितळी पाटी होती, नुकतीच कोरून आलेली. वर कॉलेजचं नाव, खाली 'क्रमाचे गणन : डॉ. वा. गो. हेर्लेकर', त्याखाली 'पडताळणी :' आणि पुढं कोरी जागा. सर खिडकीकडं बघत म्हणाले, की मंगरूळकर येणार आहेत, काम पडताळून घेतलेलं असलं की बरं दिसतं. तू एकदा फरशी बघून बरोबर आहे म्हण, की तुझं नाव घालायला कोरणाऱ्याला सांगतो. आणि ज्याचं नाव पाटीवर, त्यालाच विभागात ठेवावं लागेल हे उघडच आहे.

 पाटीवर माझं नाव कसं दिसेल ते मला दिसलंसुद्धा. मी नाही म्हणाले नाही. विचार करून सांगते म्हणाले, आणि परत सरांच्या खोलीकडं फिरकलेच नाही. त्याला धैर्य म्हणायचं की पळपुटेपणा, हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं. त्याच दिवशी आप्पांचा निरोप आला, की कार्यक्रम झाला की टेंपो घेऊन येतो, ट्रंक भरून ठेव.

उद्घाटनाच्या दिवशी व्हरांडा धुऊनपुसून लखलखत होता. शिरगावेला सरांनी पहाटेच मिरज स्टेशनवर पाहुण्यांना आणायला पाठवलं होतं. डॉ. मंगरूळकर म्हणजे बारीक अंगाचे, पांढऱ्या केसांचे, हातात छत्री असलेले गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी हार गळ्यातून काढून शिरगावेच्या हातात दिला आणि जमिनीकडं बघतच चालायला लागले. चेअरमनसाहेबांनी दोरी ओढली, पाटीवरचा पडदा सरकला, टाळ्या झाल्या. साहेबांना कुठलीही पाटी मोठ्यानं वाचून दाखवायची सवय होती.

"क्रमाचे गणन, डॉक्टर हेर्लेकर," त्यांनी वाचलं. "पडताळणी..." आणि थांबले. पुढं काही नाही म्हणून त्यांनी पाटीच्या कडेनं मागच्या बाजूलाही डोकावून बघितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी गेले नव्हते, तर सरांनी शिरगावेलाही बोलावलं असणार. तरी जागा कोरीच होती. मी त्याच्याकडं बघितलं. तो पाहुण्यांचा हार हातात धरून आपल्या बुटांकडं बघत उभा होता.

"पडताळणी कोणी केली?" डॉ. मंगरूळकरांनी सहज विचारलं.

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात हुकूम नव्हता, विनवणी होती, आणि त्यानंच मला जास्त वाईट वाटलं. मी हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटत होतं. टेंपो रिकामा परत गेला असता.

"कोणीच नाही, सर," मी म्हणाले.

एवढं बोलल्यावर मग थांबता येईना. शेजारच्या वर्गात जाऊन मी खडूचा तुकडा आणला, जिथं आमच्या रांगा फुटल्या होत्या तिथं गुडघ्यावर बसले, आणि नव्याकोऱ्या फरशीवर आडवी रेघ ओढली.

"इथपर्यंत गणित आहे," मी म्हणाले. "इथून पुढं नुसती फरशी."

"नुसती म्हंजे?" चेअरमनसाहेब म्हणाले. "बिल तर आख्ख्या फरशीचं आलंय."

डॉ. मंगरूळकरांनी कारण विचारलं. शिरगावेनंच पुढं होऊन कंसाची सगळी हकीकत सांगितली, हार हलवत हलवत. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग पितळी पट्ट्यांकडं छत्री दाखवून विचारलं, ह्यांचं काय. त्या दोन्ही तऱ्हेनं सारख्याच आल्या, असं शिरगावे म्हणाला. त्यावर ते गृहस्थ चक्क खाली बसले आणि पट्ट्यांमधली अंतरं वितीनं मोजायला लागले. चेअरमनसाहेबांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

हेर्लेकर सर तेवढे वाजवत नव्हते. ते सावकाश माझ्याजवळ आले आणि हात पुढं केला. मला वाटलं आता हे मला व्हरांड्याबाहेर काढणार. त्यांनी खडू मागितला. मग धोतराचा सोगा सावरत, त्या वयात, तेही गुडघ्यावर बसले. माझी रेघ त्यांनी हातानं पुसली आणि तीन फरश्या मागं सरकून दुसरी ओढली.

"चुकलीस," ते म्हणाले. "इथं पाहिजे. तुमचे कागद मी काल दुपारी नीट बघितले. शेवटच्या ह्या तीन फरश्यांचे रंग दोघांचे सारखे आलेत, पण आकडे बघ. पहिल्या घरापासूनच वेगळे आहेत. नशिबानं दोन्ही अर्ध्याच्या एकाच बाजूला पडले, म्हणून रंग जुळला. रंग जुळला म्हणजे आकडा जुळला असं नाही. तू रंग बघत बसलीस."

ते खरं होतं. कागद आमचेच होते आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं.

"म्हणजे कालच तुम्हाला कळलं होतं?" डॉ. मंगरूळकरांनी बसल्या जागेवरून विचारलं. "मग फरशी का नाही काढलीत?"

"सिमेंट वाळलं होतं," सर म्हणाले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी मला ते पहिल्यांदाच मनापासून आवडले. पण ते माझ्याकडं वळले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखा विभागप्रमुखाचा झाला होता. हळू आवाजात म्हणाले, "नियम तुला ठाऊक आहे, मगदूम. चुकला तो गेला."

नियम ठाऊक होता. तो शिरगावेलाही ठाऊक होता. जागा आयती चालत त्याच्या दारात आली होती, त्याला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तो आमच्या सगळ्यांत हुशार होता.

"रेघ कुठं ओढायची ते मी सांगितलं होतं, सर," तो म्हणाला. "ह्यांनी नुसता खडू धरला."

त्यानं मला काहीही सांगितलेलं नव्हतं. आम्ही त्या दिवशी एकमेकांशी बोललोही नव्हतो.

"कधी सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"आज सकाळी."

"सकाळी तू मिरज स्टेशनवर होतास. मीच पाठवलं होतं."

"हो," डॉ. मंगरूळकर म्हणाले, "माझ्याबरोबरच होते हे."

शिरगावेचे कान लाल झाले. "मग काल," तो म्हणाला.

 सर उठले, गुडघ्यांवरचा खडू झटकला, आणि पाहुण्यांना चहाला चला म्हणाले.

जागेचा निकाल त्याच संध्याकाळी लागला. दोघंही चुकले आहेत, तेव्हा पूर्ण जागा कुणालाच नाही, असं सरांनी चेअरमनसाहेबांना सांगितलं. दोघांनाही तासिका तत्त्वावर घ्यायचं, तास अर्धे अर्धे, पगारही तासांप्रमाणे, आणि खुर्ची एकच. कोरणाऱ्याला बोलावून पाटीवरची कोरी जागाही भरून घेतली. 'पडताळणी : चालू आहे' अशी ती पाटी अजून तिथं आहे. खडूची रेघ दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या मावशींनी पुसून टाकली.

वसतिगृहाच्या फाटकाशी आप्पा टेंपो लावून वाट बघत होते. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"ट्रंक कुठाय?"

"ट्रंक राहू दे, आप्पा. मला नोकरी लागली. अर्धी."

"अर्धी नोकरी आनि कसली आसती?" ते म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं, कंस आणि फरशी सोडून. एक जागा होती, ती त्या दुसऱ्या माणसाला पुरती मिळत होती, आणि त्यानं सगळ्यांसमोर खोटं बोलून ती माझ्यासाठी अर्धी करून घेतली.

आप्पांनी टेंपोच्या चाकावर पाय ठेवून विचार केला. पंप उघडल्यावर बिघाड सापडला नाही की ते असेच उभे राहायचे.

"येडं हाय का काय त्ये पोरगं?"

"व्हय, आप्पा," मी म्हणाले. मला तेव्हा हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्ही लपवायची मला गरज वाटली नाही. "चांगलंच येडं हाय."